होपवेलची भट्टी आणि तिच्यामागचं जंगल

आजचा विषय एका बंद पडलेल्या लोखंडाच्या भट्टीचा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, फ्रेंच क्रीक नावाच्या ओढ्याजवळ होपवेल फर्नेस नावाचं ठिकाण आहे. तिथे १७७१ साली ही भट्टी उभी राहिली आणि १८८३ च्या जूनमध्ये कायमची विझली. ११२ वर्षं. आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, दगडी बांधकाम डागडुजी करून उभं ठेवलंय, पाण्याचं चाक फिरतं, शाळेच्या सहली येतात.

पर्यटक येतो, भट्टीचा फोटो काढतो आणि जातो. मला आज तुम्हाला असं सांगायचंय, की ती भट्टी हा त्या कारखान्याचा सगळ्यात लहान भाग होता. कारखाना पसरला होता हजारो एकरांवर, आणि त्याचा मोठा भाग म्हणजे जंगल. अवशेष बघायचे तर तेही जंगलातच जाऊन बघावे लागतात.

पण आधी भट्टी, कारण ती समजल्याशिवाय जंगल समजणार नाही.

ही झोतभट्टी. बाहेरून पाहिली तर साधारण ३२ फूट उंचीचा, वर निमुळता होत गेलेला चौकोनी दगडी मनोरा. आतून मात्र पोट सुटलेल्या सुरईसारखी पोकळी. भट्टी मुद्दाम एका उंचवट्याच्या पायथ्याशी बांधली आहे. म्हणजे उंचवट्यावरून सपाट पुलासारख्या वाटेने माल थेट भट्टीच्या तोंडाशी नेता येतो, आणि खाली पायथ्याशी लोखंड काढता येतं. माल वर चढवायला यंत्र लागत नाही, जमिनीचा उतारच ते काम करतो. वरून तीन गोष्टी टाकायच्या: लोहखनिज, चुनखडी आणि लाकडी कोळसा. साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने, दिवसरात्र. भट्टी एकदा पेटली की महिनोन् महिने विझवायची नाही. विझली आणि आतला माल थिजला तर ती फोडूनच साफ करावी लागते.

खालून हवेचा झोत. तो ओढ्याच्या पाण्यावर चालायचा. २२ फूट व्यासाचं लाकडी चाक, त्याला जोडलेले भाते. पुढे भात्यांच्या जागी लाकडी पिंपं आली, आत दट्ट्या वरखाली होणारी. म्हणजे पाऊस कमी झाला, ओढा आटला, की लोखंडही थांबलं.

आत काय होतं? लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांची घट्ट गाठ. कोळसा जळताना जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तो हा ऑक्सिजन ओढून घेतो. तेव्हा कोळसा इथे दोन कामं करतो, हे लक्षात घ्या. एक उष्णता देणं आणि दुसरं ऑक्सिजन काढून घेणं. तिसरंही एक आहे. थोडा कार्बन लोखंडातच मुरतो, तीन-चार टक्के. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, कार्बन मुरलेलं साडेअकराशे-बाराशेच्या आसपासच पातळ होतं. हेच आपलं बीड. पातळ होतं म्हणून साच्यात ओतता येतं. मात्र ठिसूळ, हातोडा मारला की तुटतं. चुनखडीचं काम वेगळं: खनिजातली माती-वाळू तिच्याशी मिळते आणि तिची काचेसारखी मळी होऊन वर तरंगते. मळी अधूनमधून काढायची, आणि दिवसातून साधारण दोनदा भट्टीचं खालचं तोंड फोडून लोखंड वाळूच्या साच्यांत सोडायचं.

तर हा लाकडी कोळसा. आपल्याकडे याला लोणारी कोळसा म्हणतात, कारण लोणारी समाज चुना आणि कोळसा भाजायचं काम करत आला. खाणीतला तो दगडी कोळसा. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेल इथे अब्राहम डार्बीने १७०९ साली दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर झोतभट्टी चालवून दाखवली होती. मग १७७१ साली अमेरिकेत नवी भट्टी बांधणारा माणूस लाकडी कोळसा का निवडतो? मागासलेला होता म्हणून नाही. डोळ्यांसमोर ओक, हिकरी, चेस्टनटची अफाट जंगलं होती, आणि लाकडी कोळशात गंधक जवळजवळ नसतं. दगडी कोळशातलं गंधक लोखंडात उतरलं तर तापवून घडवताना ते फुटतं. लोणारी कोळशाचं लोखंड म्हणून चांगलं, आणि त्याला भाव होता.

अडचण एकच. लोणारी कोळसा प्रवास सहन करत नाही. बैलगाडीत किंवा घोडागाडीत हिंदकळला की त्याचा चुरा होतो, आणि चुरा भट्टीत टाकला तर हवेची वाट बुजते. शिवाय तो आतून धुमसत असतो. वाटेत गाडीच पेटायची. म्हणून कोळशाच्या गाड्यांचा तळ सरकत्या फळ्यांचा असे, पेटलं की फळ्या ओढून सगळा माल रस्त्यावर सोडून द्यायचा आणि गाडी वाचवायची. भट्टीवर पोचल्यावरही तो थेट कोठारात भरत नसत, आधी निवण्यासाठी वेगळ्या छपरात ठेवत. ते छप्पर आज तिथे पुन्हा उभं केलेलं दिसतं. बहुतेक लोक त्याला गोठा समजतात.

म्हणून अशा भट्टीची जागा ठरते ती कोळसा किती लांबून आणता येईल यावरून. होपवेलला खनिजही काही मैलांच्या आत होतं, चुनखडी होती, ओढा होता, हे खरं. पण जंगल नसतं तर बाकी सगळं असून उपयोग नव्हता.

आता थोडा हिशेब करू. लाकूड तिथे कॉर्डमध्ये मोजतात. ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब अशी रचलेली रास म्हणजे एक कॉर्ड. होपवेलला वर्षाला पाच-सहा हजार कॉर्ड लाकूड लागायचं. चांगल्या जंगलात एकरी तीस कॉर्ड धरा. म्हणजे वर्षाला दोनशेच्या आसपास एकर. तोडलेल्या ओकच्या बुंध्याला धुमारे फुटतात, पंचवीस-तीस वर्षांत ते पुन्हा कोळशाजोगे होतात. दोनशे गुणिले पंचवीस-तीस: पाच-सहा हजार एकर. एवढी जमीन हाताशी असेल तर भट्टी एका बाजूने तोडत जाते आणि फेरा पूर्ण होईपर्यंत पहिली बाजू पुन्हा उभी असते. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण भट्टीमालकाला हजारो एकरांचा धनी का व्हावं लागायचं, ते यातून कळतं.

इथे एक समज आहे, की लोखंडवाल्यांनी जंगलं खाऊन टाकली. दुसऱ्या टोकाला हल्ली असंही ऐकू येतं, की ते पर्यावरणाचे पहिले रक्षक होते. मला दोन्ही पटत नाही. जंगल संपलं तर भट्टी संपते, तेव्हा शहाणा मालक जंगल संपू देत नव्हता. पण जे राहिलं ते जंगल होतं का? उसाचा खोडवा ठेवतो ना आपण, तसं ते होतं. एका वयाची, बारीक खोडाची झाडं, पुन्हा पुन्हा कापलेली. त्याला जंगल म्हणण्यापेक्षा जळणाचं पीक म्हणावं.

हे पीक काढणारी माणसं कोण, हा पुढचा भाग, आणि तो जास्त महत्त्वाचा. लाकूडतोड हिवाळ्यात चालायची. आजूबाजूचे शेतकरी, मजूर कॉर्डमागे पैसे घेऊन लाकूड तोडत. कोळसा भाजायचा हंगाम उन्हाळ्यापासून शरदापर्यंत. कोळसेवाला जंगलातच राहायचा, ओंडक्यांच्या आणि मातीच्या शंकूसारख्या झोपडीत. तीस-चाळीस फूट व्यासाची जमीन तो आधी सपाट करून घ्यायचा, आळ्यासारखी गोल. मधोमध धुराडं, त्याभोवती लाकडं उभी रचायची, पंचवीस ते पन्नास कॉर्ड. वर पालापाचोळा, त्यावर बारीक माती. मग आत विस्तव सोडायचा. लाकूड जळायला नको, नुसतं आतल्या आत भाजायला हवं, म्हणजे त्यातलं पाणी आणि धूर निघून गेला पाहिजे आणि कार्बन राहिला पाहिजे. हे दहा ते चौदा दिवस चालायचं. एका वेळी अशा अनेक राशी धुमसत असायच्या, आणि त्यातली एक जरी रात्री फुटून भडकली तर आठवड्यांची मेहनत राख. झोप अर्धवटच.

राशीच्या आत कुठे पोकळी झाली ते कळायला तो चक्क त्या धुमसत्या राशीवर चढून उड्या मारून बघायचा. जिथे भुसभुशीत लागेल तिथे माती भरायची. पाय आत गेला तर काय, हे सांगायला नको. किती भाजलंय ते धुरावरून ओळखायचं. सुरुवातीला दाट पांढरा, शेवटी शेवटी विरळ निळसर.

आपल्याकडे ज्यांनी कोळशाच्या भट्ट्या पाहिल्या असतील त्यांना हे परकं वाटणार नाही. रायगड-ठाण्याकडची कातकरी कुटुंबं आजही उचल घेऊन हंगामभर कोळशाच्या कामावर बाहेर जातात. होपवेलच्या खतावण्या शिल्लक आहेत, त्यात मजुराच्या नावावर एका बाजूला काम आणि दुसऱ्या बाजूला कंपनीच्या दुकानातून उचललेलं सामान, कापड, पीठ, बूट अशा नोंदी येतात. रोख पैसा हातात फार पडत नसे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. होपवेलचा मजूर सोडून जाऊ शकत होता, आणि जातही होता.

सगळेच मात्र नाही. भट्टी बांधणारा मार्क बर्ड हा श्रीमंत लोखंडवाल्याचा मुलगा. अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी दोघे, जेम्स विल्सन आणि जॉर्ज रॉस, त्याचे नातलग होते: एक बहिणीचा नवरा, एक बायकोचा भाऊ. युद्धात त्याने सैन्याला तोफा, गोळे आणि रसद पुरवली. आणि १७८० साली, पेनसिल्व्हेनियाने टप्प्याटप्प्याने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला तेव्हा, याच माणसाच्या नावावर १८ गुलाम नोंदलेले होते. बर्क्स परगण्यात त्याच्याइतके गुलाम कुणाकडे नव्हते. स्वातंत्र्याच्या तोफा कुणाच्या हातांनी ओतल्या गेल्या, हे त्या नोंदीत आहे.

बर्डचं पुढे काय झालं, तर तो बुडाला. सरकारकडून येणं वसूल झालं नाही, युद्धकाळातल्या कागदी चलनाची किंमत राहिली नाही, कर्जं अंगावर आली. १७८८ साली होपवेल लिलावात गेलं आणि तो नॉर्थ कॅरोलायनाला निघून गेला. मधली काही वर्षं मालकी हात बदलत राहिली, १८०८ ते १८१६ भट्टी थंड होती. त्यानंतर क्लेमंट ब्रुक नावाच्या व्यवस्थापकाने तिला खरे चांगले दिवस दाखवले. तो पुढे भागीदारही झाला आणि १८४८ पर्यंत राहिला. त्याच्या काळातला मुख्य माल म्हणजे शेगड्या. घर गरम ठेवायच्या, बिडाच्या नक्षीदार पत्र्यांच्या. फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कच्या घराघरांतून त्या गेल्या. भट्टीचं लोखंड थेट साच्यात ओतायचं, त्यामुळे ओतारी हा गावातला सगळ्यात जास्त कमावणारा कारागीर. याच काळात काळे मजूर इथे मजुरीवर काम करताना दिसतात. त्यातले काही दक्षिणेकडून गुलामीतून निसटून आलेले होते. जवळच्या सिक्सपेनी क्रीकवर काळ्या लोकांची वस्ती होती, त्यांचं चर्च आणि दफनभूमी होती.

मग बंद का पडली? १८२८ साली स्कॉटलंडमध्ये नील्सनने झोताची हवा आधी तापवून घ्यायची युक्ती काढली. तिच्यामुळे पेनसिल्व्हेनियात मुबलक असलेला अँथ्रासाइट, म्हणजे कडक दगडी कोळसा, झोतभट्टीत वापरता येऊ लागला. १८४० साली डेव्हिड थॉमसने लीहाय नदीकाठी तो यशस्वी करून दाखवला. आता भट्टी जंगलाला बांधलेली राहिली नाही. ती कालव्याशेजारी, रेल्वेशेजारी जाऊ शकत होती, आणि पाहिजे तेवढी मोठी होऊ शकत होती. लोणारी कोळसा ठिसूळ असतो, फार उंच भट्टीत वरच्या मालाच्या वजनानेच तो चिरडतो. अँथ्रासाइट ते वजन पेलतो. त्याच सुमारास शहरांत ओतशाळा निघाल्या. त्या कच्चं बीड विकत घेऊन स्वतः शेगड्या ओतू लागल्या. होपवेलने १८४४ मध्ये शेगड्या सोडल्या आणि नुसतं कच्चं बीड विकायला सुरुवात केली.

१८५३ साली होपवेलवाल्यांनीही आपल्या आवारात अँथ्रासाइटची भट्टी बांधून पाहिली. तिचे अवशेष तिथे आहेत. ते बघायला विसरू नका, फारसं कुणी बघत नाही. ती चालली नाही. जी जागा जंगलासाठी निवडली होती, ती जागा खाणीतून येणाऱ्या कोळशासाठी आडवळणाची ठरली. दगडी कोळसा गाड्यांनी इथवर ओढून आणायचा, तर स्वस्त इंधनाचा फायदा वाटेतच संपतो. जुनी भट्टी मात्र आणखी तीस वर्षं रेटली. रेल्वेच्या डब्यांच्या चाकांना अशाच चिवट बिडाची गरज होती, त्यावर ती जगली. मग पोलाद स्वस्त झालं, आणि १५ जून १८८३ ला शेवटचा घाण काढून विस्तव विझवला.

नंतर पन्नासेक वर्षं तिथे कुणी फारसं फिरकलं नाही. १९३५ मध्ये, मंदीच्या काळात, केंद्र सरकारने ही जमीन घेतली. हेतू जुनी भट्टी वाचवायचा नव्हता. शहरातल्या लोकांसाठी सहलीची जागा करायची होती आणि बेकार तरुणांना काम द्यायचं होतं. त्या कामात हे अवशेष नीट नजरेत भरले. रॉय अ‍ॅपलमन नावाच्या, राष्ट्रीय उद्यान खात्यातल्या इतिहासकाराने त्यांचं मोल ओळखलं, आणि १९३८ साली त्यांना ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पुढे इमारती दुरुस्त झाल्या, काही नव्याने बांधल्या गेल्या.

दुरुस्त करायचं म्हणजे कोणत्या सालासारखं करायचं, हा प्रश्न इथे आला. निवड झाली १८२० ते १८४० या काळाची. भरभराटीचा काळ, कागदपत्रंही भरपूर. निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम बघा. बर्डच्या वेळची गुलामगिरी या चौकटीच्या आधी राहते, आणि चाळीस वर्षांची घसरण चौकटीनंतर. पाहणाऱ्याला दिसतं ते एक टुमदार, गुण्यागोविंदाने नांदणारं गाव. हल्ली तिथली माहिती देणारे या दोन्ही गोष्टी सांगतात, पण दगडविटांतून त्या दिसत नाहीत. हे सांगावं लागतं.

मध्यंतरात एका ताईंनी विचारलं, आपल्याकडे असं काही होतं का? होतं. तामिळनाडूत परंगीपेट्टै, इंग्रजांचं पोर्टो नोव्हो, इथे जोशुआ नव्हे, जोसाया मार्शल हीथ याने १८३० च्या सुमारास लाकडी कोळशावर मोठा कारखाना काढला. सेलमकडचं खनिज वापरलं, आणि दर वेळी अडचण येऊन ठेपली ती कोळशावर आणि पैशावर. इंदूरहून खंडव्याकडे जाताना नर्मदेजवळ बडवाह लागतं. तिथे १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला मिटांडर नावाच्या स्वीडिश अभियंत्याने सरकारसाठी लोखंडाचा कारखाना उभारला होता, सरकारने लवकरच अंग काढून घेतलं. आणि याच्या कितीतरी आधीपासून सह्याद्रीत, महाबळेश्वरच्या बाजूला, धावड लोक लहान भट्ट्यांत लोखंड गाळत होते. तेही लोणारी कोळशावरच. त्यांच्यावर एक वेगळं व्याख्यान होऊ शकतं, आज तो विषय उघडत नाही.

तर होपवेलला गेलात, आणि आपली बरीच मंडळी त्या बाजूला राहतात, तर भट्टी बघून झाल्यावर भोवतीच्या रानात एक तास फिरा. उतारावर चालताना मध्येच एखादी गोल सपाट जागा लागते, तीस-चाळीस फुटांची. निसर्ग उतारावर असं गोल ताट ठेवत नाही. ती कोळसेवाल्याची जागा. पाचोळ्याखालची माती तिथे काळी असते. हवेतून लेसर किरण टाकून जमिनीचा उठाव मोजायची पद्धत आल्यापासून पेनसिल्व्हेनियात आणि शेजारच्या राज्यांत अशी गोल ठिकाणं हजारोंनी सापडताहेत. ज्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत त्या माणसांच्या कामाच्या जागा आता नकाशावर एकेक ठिपका होऊन येताहेत. एकाच बुंध्यातून निघालेली दोन-तीन खोडं दिसली तर तो जुन्या तोडीचा पुरावा असू शकतो. चेस्टनट मात्र दिसणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या बुरशीच्या रोगाने तो अमेरिकेतून जवळपास पुसला गेला.

आणि परत येताना भट्टीजवळ पायाखाली मळीचे तुकडे बघा. काचेसारखे, कुठे निळे, कुठे हिरवट. भट्टी कशी चालली होती ते त्यांच्या रंगावरून सांगता येतं. फिकट, निळसर काच म्हणजे आग नीट लागली होती आणि लोखंड खाली उतरलं होतं. काळी, जड मळी म्हणजे भट्टी थंड चालली आणि लोखंड मळीबरोबरच वाया गेलं. दोन्ही प्रकार तिथे आहेत. फक्त खिशात घालू नका, त्याला मनाई आहे.

प्रश्न असतील तर घेऊ या.